परक्या गोष्टीला हुंकार

मानसिंग देवकात्याला संशय यायला फार मोठं कारण लागत नसे. सणसरमध्ये हे लहान पोरालाही ठाऊक होतं. डेअरीला दूध घालायला गेला की आधी माप उलटं करून झटकायचा. एसटीत चढला की पाटी वाचायचा, मग कंडक्टरला विचारायचा, ही बारामतीलाच जाती न्हवं? आणि कंडक्टरनं मान हलवली तरी बसल्यावर शेजारच्याला पुन्हा विचारायचा. घरी पाहुणा आला आणि जरा गोड बोलला, की ह्याच्या मनात पाल चुकचुकलीच, बाबा काहीतरी मागायला आलाय. बरं, अधूनमधून त्याचा संशय खराही निघायचा. त्या एका खऱ्यावर तो पुढचं सगळं वर्ष काढायचा.

अशा माणसाची पोरगी जपानी भाषा शिकायला लागली म्हटल्यावर काय होणार, सांगा तुम्हीच.

पोरगी प्रतिक्षा. बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. सत्त्याण्णव साल होतं आणि एमआयडीसीत जपानची कुठलीशी कंपनी येणार, तिला दुभाषी लागणार, अशी हवा झाली होती. त्याच सुमाराला भिगवण रस्त्याला, सोनबाच्या चहाच्या टपरीमागच्या एका खोलीत सरोजिनीबाई नावाच्या पुण्याच्या बाईंनी जपानीचा वर्ग काढला. त्यांचा नवरा कारखान्यात इंजिनियर होता. तो निवृत्त झाला तरी दोघं बारामतीतच राहिली. मानसिंगला पहिला खडा इथंच लागला. पुण्याची माणसं निवृत्त झाली की पुण्याला जातात. ही का गेली नाहीत? आणि फी म्हणाल तर नावापुरती. स्वस्त वस्तू बघितली की मानसिंगला आधी तिची शिवण उसवून बघावीशी वाटायची.

महिनाभर त्यानं कळ काढली. मग एका संध्याकाळी पोरगी चुलीपुढं बसली असताना विचारलं, “आज काय शिकवलं बाईनं?”

“गोष्ट.”

“आन काल?”

“तीच गोष्ट. पुढची.”

“पुस्तक कुठाय?”

“पुस्तक न्हाय तात्या. बाई गोष्ट सांगत्यात, आमी तीच परत त्यांना सांगायची. जपानीतनं. बाई म्हंत्यात, एक गोष्ट अख्खी तोंडात बसली की भाषा आपसूक मागं येती. अक्षरं मागनं शिकवनार हायत.”

“अक्षरं मागनं?” मानसिंग बायकोकडं वळला. “ऐकलंस का सारजा? पोर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला हाय आन तितं बसून म्हाताऱ्या-म्हातारीच्या गोष्टी ऐकती. अगं, अंगनवाडीत तरी गोष्टीबरबर खिचडी मिळती!”

सारजा हसली. ती हसली की त्याला वाटायचं, हिला आधीच काहीतरी माहीत आहे.

ओट्यावर गेणबा बसला होता. मानसिंगचा बाप. मेंढरं घेऊन पार कोकणात उतरलेला ह्या घरातला शेवटचा माणूस. आता मेंढरं गेली, ऊस आला, पण म्हाताऱ्याची बसायची तऱ्हा तीच, गुडघ्याला घोंगडं बांधून, काठी मांडीवर आडवी. तो म्हणाला, “कुटली गोष्ट गं? सांग की मला.”

“जपानीतनं?”

“आधी आपल्यातनं सांग.”

मग प्रतिक्षानं सांगितली. एक म्हातारा होता आणि एक म्हातारी, पोरबाळ नव्हतं. म्हाताऱ्यानं एकदा फाशात अडकलेला करकोचा सोडवला. त्याच रात्री बर्फ पडत असताना एक पोरगी दारात आली आणि लेक होऊन राहिली.

“हूं,” गेणबा म्हणाला.

हे हूं म्हणजे साधं नव्हे बरं का. मेंढरांच्या वाड्यावर रात्री शेकोटीला गोष्ट चालायची, तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या एकानं हुंकार द्यायचा असा रिवाज होता. सांगणारा जिथं थांबेल तिथं हूं. हुंकार थांबला की गोष्टही तिथंच थांबायची, मग राजाची मान तलवारीखाली असली तरी तशीच राहायची. ज्याचा हुंकार चुकला त्यानं सकाळी सगळ्यांचं पाणी आणायचं. गेणबानं आयुष्यात फार थोड्या वेळा पाणी आणलं होतं.

“पोरगी म्हनली, मी कापड विणते. पर माग चालू असताना आत डोकावू नका.”

“हूं.”

“कापड असं सुरेख की राजाघरी गेलं. दुसऱ्यांदा विणलं. पोरगी वाळत चालली. म्हाताऱ्याला राहवंना, त्यानं दार किलकिलं केलं. आत करकोचा हुता, आबा. आपलीच पिसं उपटून धाग्यात घालत हुता.”

“हूं…” ह्या वेळचा हुंकार खोल गेला.

“मग ती बाहेर आली, म्हनली, तुमी मला बघितलं, आता मला राहता याचं न्हाय. आन उडून गेली.”

म्हाताऱ्यानं मांडीवरची काठी सरळ केली. मग म्हणाला, “थंडीत उजनीच्या पान्यावर येत्यात त्येच का करकोचं?”

“त्येंच्याच भावकीतलं असंल.”

मानसिंगच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्यानं पक्ष्याचा विचार केला, ह्यानं दाराचा. पोरींना शिकवतात काय, तर दार लावून घ्या आणि आईबापाला सांगा, बघू नका! आणि ज्यानं बघितलं त्याची पोरगी गेली. ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय. एवढ्या सगळ्या गोष्टी जगात पडल्या असताना बाईंना हीच सापडावी?

दुसऱ्या दिवशी तो बारामतीला गेला आणि सोनबाच्या टपरीवर जाऊन बसला. समोर वर्गाचं दार. वर्ग सुरू झाला तसं दार आतनं लागलं. खिडक्या लागल्या.

“सोनबा, दार का लावत्यात रं?”

“रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्यात, ऐकू यायला नगं का?” सोनबा म्हणाला. पण सोनबाला गिऱ्हाईक टिकवायची कला होती. त्यानं कपात चहा ओतता ओतता खालच्या आवाजात पुढं जोडलं, “बाईची सोत्ताची लेक तिकडंच असती म्हनं. जपानला. शिकायला म्हनून गेली ती गेलीच. त्येच्यानंतर बाईनं हे काढलं.”

झालं! मानसिंगला वाटलं, सगळा उलगडा झाला. हिची स्वतःची गेली, आता ही दुसऱ्यांच्या लेकी धाडणार. कशासाठी ते नीट सांगता आलं नसतं, पण संशयाला कधी नीट सांगावं लागतं का? तो उठला. चहा अर्धा राहिला. तीन पायऱ्या चढून त्यानं दार ढकललं.

आत दहाबारा पोरं-पोरी जमिनीवर गोल करून बसलेली. मध्ये पिकल्या केसांच्या सरोजिनीबाई, हातात करकोच्याचं रंगीत चित्र. प्रतिक्षा उभी राहून काहीतरी म्हणत होती. बापाला बघून तिचा शब्द तोंडातच राहिला.

“या ना,” बाई म्हणाल्या. “प्रतिक्षाचे वडील ना तुम्ही?”

“तुमची मुलगी कुठं असती, बाई?”

नमस्कार नाही, चमत्कार नाही. बाईंच्या हातातलं चित्र खाली आलं.

“ओसाकाला. स्वरदा तिचं नाव.”

“येती का परत?”

बाहेर एक उसाची गाडी खडखडत गेली, तिचा आवाज संपेपर्यंत बाई थांबल्या.

“नाही येत,” त्या म्हणाल्या. “फोनही फारसा येत नाही.”

मानसिंगची अपेक्षा होती की बाई उडवाउडवी करतील, चिडतील, नवऱ्याला बोलावतील. सरळ उत्तराची त्यानं तयारीच केली नव्हती. चोरानं स्वतःच्या हातानं पेटी उघडून दाखवली की पंचाईत होते, तसं झालं. “बघा म्हंजे,” एवढंच तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून आला.

त्या रात्री प्रतिक्षा जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सारजानं समजावलं, मानसिंगनं आवाज चढवून बघितला, मग उतरवून बघितला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी देवळीतली बिरोबाच्या भंडाऱ्याची वाटी घेऊन बापासमोर उभी राहिली.

“पुढच्या महिन्यात कंपनीचं जपानी सायब येनार हायत. प्रत्येकानं त्येंच्यापुढं एक गोष्ट सांगायची. ज्याची पसंत पडंल त्याला वरसभर तिकडं शिकायला नेनार, मग हितं कायमची नोकरी. मला जायचंय तात्या. तुमी तितं आला तर माझं तोंड उघडनार न्हाय. उचला भंडारा.”

गेणबा ओट्यावरनं बघत होता. बापासमोर, देवासमोर, बायकोसमोर मानसिंगनं चिमूटभर भंडारा उचलला आणि म्हणाला, “त्या वर्गाची पायरी चढनार न्हाय. बास?”

भंडाऱ्याची शपथ त्या घरात कुणी मोडली नव्हती. एका चुलत्यानं भंडारा उचलून वाटणीत खोटं बोललं होतं, त्याचं नावसुद्धा घरात घेत नसत. प्रतिक्षानं वाटी परत ठेवली आणि भाकरी खाल्ली.

आता रोज संध्याकाळी ओट्यावर नवाच तमाशा सुरू झाला. पोरगी जपानीतनं गोष्ट म्हणायची आणि गेणबा हुंकार द्यायचा. मुकाशि मुकाशि, अशी तिची सुरुवात असायची, म्हणजे फार फार पूर्वी. म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण ती थांबली की हूं, आवाज खाली आला की हूं, आणि दाराशी हात गेल्यावर तो लांबलचक खोल हूं.

“आबा, तुमाला कळतं तरी काय त्यातलं?” मानसिंगनं चिडून विचारलं.

“बोली न्हाय कळत. पर गोष्ट श्वास कुटं घेती त्ये कळतं की.”

मानसिंग गोठ्यात गाईला वैरण टाकत असायचा, पाठ करून. पाठ ऐकत नाही असं थोडंच आहे! पंधरवड्यात त्याला ती परकी गोष्ट अशी बसली, की कुठं म्हातारा फास सोडवतो, कुठं बर्फ पडतो, कुठं दाराला हात लागतो, सगळं उमगायचं. तोंडातल्या तोंडात तोही हूं म्हणायचा. गाय मान वळवून बघायची.

साहेब येण्याचा दिवस गुरुवारचा, बाजाराचा होता. प्रतिक्षा सकाळच्या एसटीनं गेली. मानसिंगनं तासभर दम धरला. मग सारजाला म्हणाला, “बाजारातनं दावी आनतो.”

“घरात नवी दावी पडल्यात.”

“ती बरी न्हायत.”

सारजानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. “पायरी चढायची न्हाय, ध्येनात हाय न्हवं?”

“मी कुटं पायरी चढतोय?”

खरंच होतं. एसटीत बसल्या बसल्या त्यानं सगळा हिशोब लावून ठेवला होता. शपथ पायरीची आहे. खिडकीची नाही. भंडारा उचलताना तो जे बोलला ते बोलला, खिडकीचं नाव कुणी घेतलं होतं का? माणसानं स्वतःच्या शपथेला अशी फट शोधावी, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश व्हावं, हे मानसिंगलाच जमो. ती कंपनी खरी आहे का, तो जपानी खरा आहे का, की कुणी भलताच उभा केलाय, एवढं डोळ्यांनी बघायचं आणि माघारी यायचं. बस्स.

टपरीच्या मागून, रिकाम्या क्रेटांमधून वाट काढत तो वर्गाच्या मागल्या खिडकीशी गेला. खिडकीची एक काच फुटलेली, तिला पुठ्ठा लावलेला. पुठ्ठ्याचा कोपरा त्यानं बोटानं वाकवला.

जपानी साहेब खरा होता. उतारवयाचा, बारका, ओकुदा की असंच काहीसं नाव. सोबत पुण्याचे दोन अधिकारी. साहेब डोळे मिटून बसला होता, हात मांडीवर, चेहरा असा कोरा की झोपलाय की काय कळेना. एक पोरगा घडाघडा बोलून गेला. दुसरी पोरगी मध्ये दोनदा अडखळली पण शेवटाला गेली. साहेबाची पापणीसुद्धा हलली नाही. मानसिंगला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्याला मनापासून बरं वाटलं. कुणीच पसंत पडत नाही. नुसताच आला, चहा पिऊन जाईल. पोरगी आपल्या घरी.

मग प्रतिक्षा उठली.

मुकाशि मुकाशि. आवाज स्वच्छ. म्हातारा, म्हातारी, फास, बर्फ. खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. ती थांबायची तिथं थांबली आणि पुढं गेली, पण प्रत्येक थांब्याला तिचा आवाज जरा जास्त वेळ रेंगाळत होता. तिला काय हवंय ते मानसिंगला कळलं. त्या सगळ्या खोलीत एकट्या त्यालाच कळलं, आणि तो तर खोलीतही नव्हता. पोरगी हुंकार शोधत होती. ओट्यावर रोज मिळायचा तो. समोर मिटलेले डोळे, पेनं धरलेले हात, आणि गोष्टीला हूं म्हणणारं कुणी नाही.

दाराला हात लागायची जागा आली. प्रतिक्षा थांबली.

आणि थांबलीच. आवाज फुटेना. एका अधिकाऱ्यानं घड्याळाकडं बघितलं. सरोजिनीबाईंची बोटं पदराशी गुंतली. पोरीच्या मानेवर घाम आलेला मानसिंगला मागून दिसत होता. अगं बोल की! घटकेपूर्वी हाच माणूस देवाला म्हणत होता की कुणी पसंत पडू नये. आता नुसतं गप्प उभं राहायचं होतं, आणि त्याच्या मनासारखं होणार होतं. पोरगी घरी राहिली असती, कुणाच्याही नावानं बोटं मोडायची गरज नव्हती.

“हूं!”

त्याच्याच घशातनं निघाला. खोल, लांब, वाड्यावर शेकोटीपलीकडं ऐकू जावा असा.

खोलीतल्या सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. प्रतिक्षाची वळली नाही. तिचे खांदे मात्र एकदम खाली आले, आणि तिनं श्वास घेऊन गोष्ट पुढं चालू केली. दार किलकिलं झालं. करकोचा. पिसं. जपानी साहेबानं डोळे उघडले होते. ती पुढच्या थांब्याला आली तेव्हा त्यानं मान खाली घालून हळूच, नाकातल्या नाकात, हूं म्हटलं. त्याच्या पुढच्या थांब्याला पुन्हा. करकोचा उडून गेला तेव्हा साहेबाचे डोळे भरले होते आणि तो बाईंना घाईघाईनं काहीतरी सांगत होता. ह्यांची आजीसुद्धा हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढं नेत नसे, असं बाईंनी अधिकाऱ्यांना मराठीत सांगितलं.

मानसिंग तिथनं पळाला. क्रेटं पडली, सोनबा ओरडला, “अवो मानसिंगराव, काय झालं?” पण तो थांबला नाही.

स्टँडवर इंदापूरच्या गाडीला पोरगी आली. बापाला बघितलं, पुढं जाऊन खिडकीशी बसली. तो शेजारी बसला. ही गाडी सणसरला थांबते का, हे त्यानं आज कुणालाही विचारलं नाही. शपथेच्या फटीतनं आत शिरताना जी हुशारी वाटली होती, तिची आता त्यालाच शिसारी येत होती. पायरीची शपथ म्हणे! बिरोबाला काय एवढंही कळत नसेल?

घरी गेणबा वाट बघत होता. “सांगितलीस का गं?”

“सांगितली आबा. मला न्हेनार हायत.” मग थांबून म्हणाली, “हुंकार चांगला मिळाला.”

म्हाताऱ्यानं लेकाकडं बघितलं. मानसिंग देवळीपाशी गेला, भंडाऱ्याच्या वाटीसमोर खाली बसला आणि मुसमुसायला लागला. एवढा दांडगा माणूस, पण लाज वाटून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

“मी मोडली शपथ. बघू नका म्हनलं हुतं, मी बघितलं. आता गेलीस तू.”

प्रतिक्षा त्याच्याजवळ येऊन बसली. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण आवाज पक्का होता. “तात्या, ती बघितल्यामुळं गेली असं समदी म्हंत्यात. पर पंख हुतं तिला. तुमी न बघता बी मी जानारच हुते. आज मात्र तुमी नसता तर माझं जानं तितंच राहिलं असतं.”

म्हणजे आपणच धाडलं, हे मानसिंगला तेव्हा कळलं. इतके दिवस ज्या बाईंवर तो आळ घेत होता त्यांनी नव्हे. त्याच्याच हुंकारानं.

पोरगी गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो बारामतीला गेला आणि तीन पायऱ्या चढला. आता शपथेचं काही उरलंच नव्हतं. वर्ग सुटला होता. बाई चित्रं आवरत होत्या.

“चुकलं माझं, बाई,” तो उभ्या उभ्या म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या लेकीचं तसं समद्यांपुढं विचारायला नगं हुतं.”

“बसा,” बाई म्हणाल्या. थोडा वेळ त्या एकच चित्र परत परत सारखं करत राहिल्या. “तुम्ही विचारलंत ते खरंच होतं. आणि एक सांगू का? तिचे फोन यायचे आधी. दर आठवड्याला. मी तिला विचारायची, कुणाबरोबर राहतेस, उशीर का झाला, मागे कोण बोलतंय, कधी येणार. प्रत्येक फोनला तेच. मग ती फोन करेनाशी झाली.” त्यांनी मान वर केली. “प्रतिक्षाचा येईल तुम्हाला. तुम्ही काही विचारू नका हो.”

न विचारणार? मानसिंग?

रविवारी गावातल्या एसटीडीच्या दुकानात फोन येणार होता. मानसिंग कधीचा जाऊन बसला होता. गेणबाला चालवत नव्हतं आणि सारजा म्हणाली, तुमीच जावा, मला रडू येतं. त्याच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली होती. खोलीत कोण कोण असतं? स्वयंपाक कोण करतं? त्यात काय काय घालतात? कंपनीत बाप्ये किती? रात्री खोलीवर यायला किती वाजतात? तो ओकुदा साहेब घरी बोलावतो का, आणि बोलावतो तर बायको असते का घरात? एकेक प्रश्न त्यानं रानात पाणी धरता धरता घोकून ठेवला होता.

फोन वाजला. दुकानदारानं त्याच्या हातात दिला.

“तात्या?”

एवढ्या लांबनं आवाज आला, तरी तोच. मानसिंगनं तोंड उघडलं. पहिला प्रश्न जिभेवर आलाच होता. मग पलीकडनं काहीतरी ऐकू आलं. मागं कुणीतरी हसलं, बहुतेक. पाल चुकचुकली. कोण हसलं?

“तात्या, हाय का तुमी?”

“हाय,” तो म्हणाला. “सांग.”

“हितं आज बर्फ पडलं. पैल्यांदाच बघितलं मी. सकाळी दार उघडलं तर समदं पांढरं…”

ती थांबली. तिला काय हवंय ते त्याला ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटले, सगळे प्रश्न गिळले, घास अडकावा तसे गिळले.

“हूं,” तो म्हणाला.

आणि पोरगी पुढं सांगायला लागली.